रिकामी पाठवू नये

लेकीला माहेरातून रिकामी पाठवू नये, हे प्राजक्ताच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. तिनं स्वतः कधी गाडी चालवली नव्हती. पण लेक अन्वी जेवत होती तोवर तिनं अंगणातल्या तिच्या गाडीला गुपचूप चार्जिंगची वायर लावली आणि बॅटरी काठोकाठ भरली. मग लेकीची ओटी भरली, झोपलेल्या नातवाचा मुका घेतला आणि गाडी घाटाकडे वळेपर्यंत हात हलवला.

चाकाला घासून थांबवणारे ब्रेक, त्यांच्या धुळीवर बंदी आल्यापासून, कुठल्याच गाडीला उरले नव्हते. आता मोटरच वेग ओढून घ्यायची आणि त्याची वीज करून बॅटरीत टाकायची. बॅटरी भरलेली असली तर वीज टाकायला जागा नाही, म्हणून वेगही आवरायचा नाही; तसं गाडी ओरडून सांगायची खरी, पण बाळ दचकतं म्हणून अन्वीनं तिचा आवाज बंद ठेवला होता.

प्राजक्ता वायर गुंडाळत होती, ती अजून कोमट होती. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, गाडी आवरत नाहीये! बॅटरीत जागाच नाही असं स्क्रीनवर दाखवतेय. मी तर घाटासाठी मुद्दाम अर्धी ठेवली होती..."

"मी भरली गं," असं म्हणत प्राजक्ता कड्याकडे धावत सुटली. "वीज जाळ! दिवे लाव, हीटर लाव, असेल नसेल ते सगळं लाव!"

कड्यावरून घाट दिसला. भर दुपारी सगळे दिवे लावून, हॉर्न वाजवत लेकीची गाडी सुसाट खाली चालली होती. ती एका वळणाआड गेली. पलीकडून बाहेर येण्याआधीच हॉर्न थांबला.