अर्ध्या काठाचं मीठ

दिराने लिंबाची फोड ग्लासाच्या काठावरून फिरवली, पण अर्ध्याच काठावरून. मग ग्लास उपडा धरून तेवढाच भाग बशीतल्या मिठात घोळवला.

"बाकीचा कोरा का ठेवलात, भाऊजी?" तिने विचारलं.

"ज्याला मीठ हवं त्याने इकडून प्यावं, नको त्याने तिकडून. आमच्या बोटीवर माणसं नाना तऱ्हेची, वहिनी. कुणावर जबरदस्ती नाही."

तो बोटीवर बार सांभाळायचा. सुट्टीवर आला होता. आल्याआल्याच त्याने ओट्यावर दुकान मांडलं होतं. अननसाच्या फोडी, आंब्याच्या फोडी, संत्र्याचा रस, बर्फ. टकीलाची बाटली मात्र लांब खिडकीत उभी होती. "तुमच्या मार्गारिटात तिचा थेंबसुद्धा नाही हां. दारूला न शिवण्याचा तुमचा नेम मोडला तर दादा मला घरात घ्यायचा नाही."

"मला मेलीला काय कळणार, आहे की नाही ते!" ती हसली.

मध्यंतरी ताप येऊन गेला आणि जाताना तिच्या तोंडाची चव घेऊन गेला. चहा नुसता गरम लागायचा, भात नुसता मऊ. स्वयंपाक चालला होता तो हाताच्या अंदाजाने. रोज देवापुढे बसल्यावर ती चव परत दे, एवढंच मागायची. अलीकडे मागायचाही संकोच वाटायला लागला होता.

टेबलाशी नवरा पाण्याचा मोठा जग घेऊन बसला होता. हल्ली त्याला तहान फार लागायची.

मिक्सर घरघरला, थांबला. केशरी-पिवळा दाट रस ग्लासात ओघळला. तिने कोऱ्या बाजूने घोट घेतला.

"गार आहे," ती म्हणाली. मग घाईने, "रंग सुरेख आलाय."

दिराचा चेहरा उतरला. "ग्लास फिरवा, वहिनी. आता मिठाकडून."

त्याचं मन राखायला म्हणून तिने फिरवला. ओठांना कण लागले. जिभेच्या कडेला काहीतरी टोचलं, आणि ती जागच्या जागी थांबली.

"खारट," ती पुटपुटली. पुन्हा घोट घेतला. "आणि आंबट. भाऊजी, हा अननस आहे. अननसच आहे हो!"

दोन्ही हातांत ग्लास धरून ती उभी होती. डोळ्यांतलं पाणी ओघळून ओठांवर आलं, तेही खारट लागलं.

मग काय मनात आलं कुणास ठाऊक, तिने शेगडीवरच्या पातेल्याचं झाकण काढलं, तळहातावर थेंबभर रस्सा घेऊन चाटला.

"अहो... ही भाजी?"

"आज जरा हात जड पडला असेल," नवरा म्हणाला.

"आज? आणि काल?"

नवरा जगमधल्या पाण्याकडे बघत राहिला. दीर उगीचच मिक्सर पुसायला लागला.

"काल छान झाली म्हणालात. परवाही. रोज पातेलं पुसून घेतलंत!"

"मग काय करू? खारट म्हटलं असतं तर तू स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नसतंस. आधीच काय कमी गेलं होतं तुझं?" त्याने ताट पुढे सरकवलं. "वाढ आता. उद्यापासून असली मिळायची नाही."

"मला बाबा काठावरचंच पुरे," दीर हळूच म्हणाला.

तिला हसू आलं नाही. चहात साखर चिमूटभर कमी पडली तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस. गाभाऱ्याच्या दाराशी उभं राहून बघावं तशी ती त्याच्याकडे बघत राहिली.

मग तिने त्याला भाजी वाढली. स्वतःच्या ताटातही तेवढीच वाढून घेतली, आणि पाण्याचा जग काठोकाठ भरून दोघांच्या मध्ये ठेवला.