हार्मन रोडच्या पलीकडे

“दात बघायचे असतील तर बघा,” इर्मा केसलर म्हणाली. “चावायची नाही ती. अर्धेच उरलेत तिचे.”

कॉर्बी हाइट्स शहराचा प्राणी-निरीक्षक गुडघ्यावर बसून तिच्या म्हाताऱ्या कुत्रीच्या, पर्लच्या डोक्याला मापाची टेप लावत होता. त्याच्या खिशावर प्रुइट असं नाव शिवलेलं होतं. बाजूच्या कागदावर शहरात बंदी असलेल्या जातीच्या कुत्र्यांच्या आठ खुणा छापलेल्या होत्या. पर्ल त्याचा कान चाटायला बघत होती.

“दातांचा रकाना नाही यात,” तो म्हणाला. “जबडा रुंद. मान आखूड. छाती भरदार. केस बारीक.”

“माझा नवराही असाच होता दिसायला. त्याला कोणी हद्दीबाहेर काढलं नाही.”

प्रुइटला हसू आलं. ते आवरून त्याने पाचवी खूण केली. पाच झाल्या की पुढचं बघावं लागत नव्हतं.

“तिला शहराबाहेर ठेवायला दहा दिवस आहेत तुमच्याकडे, मिसेस केसलर.”

“लिंडेल गावात अकरा वर्षं राहिलो आम्ही. आमचं जुनं घर इथून दोन मैलांवर. तिथे कधी कोणी टेप घेऊन आलं नाही.”

“लिंडेलला हा नियमच नाही.” त्याने समोरच्या हार्मन रोडकडे हात केला. “ती मधली पिवळी रेघ दिसते ना, तिच्यापलीकडे लिंडेलच आहे. समोरच्या घरात असती, तर मला यायचं कारण नव्हतं.”

“मला बिनजिन्याचं घर हवं होतं. एवढंच बघितलं मी.”

“बऱ्याच जणांना माहीत नसतं.” तो उठला. “दहा दिवसांनंतर ती या बाजूला दिसली, साखळीने धरलेली असली तरी, मला न्यावी लागेल. नेलेली परत देत नाहीत.”

इर्माने ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. कोणाला नातवंडं होती, कोणाकडे मांजरं होती. नवव्या दिवशी दुपारी ती पर्लला घेऊन, पट्टा हाताला दोनदा गुंडाळून, रस्ता ओलांडून गेली. समोरच्या घराच्या पायरीवर एक माणूस बिजागरीला तेल घालत होता. ओटिस ब्रेलंड. टपालपेटीवरचं नाव ती रोज खिडकीतून वाचायची.

“मी समोर राहते,” ती म्हणाली. “ही तुमच्या अंगणात राहिली तर चालेल का?”

“किती वेळ?”

“कायमची. खाणं मी आणीन. दोन वेळा येईन.”

त्याने पर्लकडे बघितलं. पर्ल त्याच्या बुटावर बसली.

“मला कुत्र्यांची सवय नाही,” ओटिस म्हणाला. बराच वेळ तो बिजागरी पुसत राहिला. “मागे कुंपण आहे. थंडीत आत घेईन.”

इर्माने ताटली आणून ठेवली, सतरंजी आणली. परत जाताना तिने मागे बघितलं नाही. घरी पोहोचल्यावर हाताला गुंडाळलेला रिकामा पट्टा तिला दिसला. तो तिने सोडला नाही, तसाच हात घेऊन खुर्चीत बसली.

ती रोज दोनदा जायची. पर्लच्या पाठीवर हात ठेवून बसायची, ओटिसशी हवापाण्याचं बोलायची आणि परत यायची. स्वयंपाकघरात चालताना अजूनही ती पाय जपून टाकायची, कोणीतरी पायात येईल म्हणून.

जानेवारीत रस्त्यावर बर्फ गोठला. ओटा उतरतानाच इर्मा घसरली. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी महिनाभर बाहेर पडायला मनाई केली. तिने ओटिसला फोन केला.

“खाण्याची काळजी करू नका,” तो म्हणाला. मग म्हणाला, “काल खाल्लं नाही तिने. पण खाईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी इर्मा खिडकीशी बसली होती. समोरच्या फुटपाथवर ओटिस आला. पर्लच्या अंगावर त्याचा जुना स्वेटर होता, बाह्या कापलेला. तो बरोबर तिच्या दारासमोर थांबला. त्याने वाकून पर्लचं तोंड दोन्ही हातांनी इकडे वळवलं.

इर्मा काठी टेकत दारापर्यंत गेली. दार उघडलं. थंड वारा आत आला. पर्लने कान टवकारले, हवेत नाक वर केलं, रस्त्याच्या कडेपर्यंत आली आणि थांबली. तिच्या गळ्यातली दोरी ओटिसने सैल धरली होती. साध्या माणसाची साधी पकड. एका हिसक्यात सुटून ती रेघेच्या या बाजूला आली असती.

पर्लचं नाव इर्माच्या ओठांपर्यंत आलं.

तिने तोंडावर हात दाबून धरला आणि तशीच दारात उभी राहिली, ते दोघं कोपऱ्यावरून वळेपर्यंत.