विसराळू काका

ट्रेकच्या प्रत्येक मुक्कामाला ग्रुपमधली नर्स काकांची टाच मांडीवर घ्यायची, फोडातलं पाणी सुईने काढायची, पट्टी लावायची आणि तोंडाचा पट्टाही सोडायची.

"काका, किती वेळा सांगितलं, आत पातळ मोजे घाला, वर जाड. म्हणजे टाच घासत नाही. ऐकायचंच नाही असं ठरवलंय का?"

"विसरतो गं. घरी आठवण करून द्यायला कोण आहे?" काका मान खाली घालून म्हणायचे.

पुढच्या ट्रेकच्या सकाळी काकांनी न चुकता आधी पातळ मोजे चढवले, वर जाड.

 

मग घराला कुलूप लावायला उठले, दारातूनच मागे फिरले आणि खाली बसून आतले मोजे तेवढे काढून ठेवले.