वाटीचा मान

“वायफायचं पान रंगवणं मागाहून कर गं, आधी माझा दवाखाना वरच्या नंबरावर घे,” नर्स तेलेसिया म्हणाली होती. फुआतिनोनं ते हसण्यावारी नेलं होतं.

बेटावरच्या त्या गावात वायफाय नवं आलेलं. गर्दी झाली की कुणाचं नेट आधी चालायचं, हे राउटरमध्ये ठरवायचं काम फुआतिनोकडे, कारण कॉलेजात तीच शिकलेली. गावच्या सभेत कावा या मुळांच्या पेयाची वाटी मानानुसार फिरते, तोच क्रम तिनं लावला: आधी गावप्रमुख सापोलू, मग पाद्री, मग बाकीचे मानकरी. दवाखान्याला सभेत वाटी नसते. तो तळाशी गेला. मग वायफाय जोडताना फोनवर पहिल्यांदा उघडतं त्या पानावर प्रमुखांची मानाची काठी आणि चवरी काढण्यात तिची अख्खी दुपार गेली.

आज शनिवार. अख्खं गाव नेटवर रग्बीचा सामना बघत होतं, आणि दवाखान्यात फुआतिनोची तान्ही लेक मालू धापा टाकत होती. दूर राजधानीतल्या, आपियाच्या डॉक्टरांना व्हिडिओवर मालूची छाती बघायची होती, पण फोनवरचं चित्र गोठलेलं. डॉक्टरांचं तोंड उघडं ते उघडंच.

“श्वास घेताना बरगड्या आत जातायत का, एवढंच बघायचंय त्यांना,” तेलेसिया म्हणाली.

क्रम बदलायला फुआतिनोचा फोन पुरेसा होता. पण प्रमुखांची वाटी कुणी परस्पर खाली ठेवत नाही. मालूला नर्सच्या हाती देऊन ती शेजारच्या सभाघराकडे धावली, वाकून आत शिरली आणि कडेच्या खांबाशी मांडी घालून बसली. सापोलूंच्या पडद्यावर खेळाडू सुसाट पळत होते. तिनं खालमानेनं सगळं सांगितलं.

“वाटी आधी कुणाची, हे तू मला शिकवणार?” सापोलू म्हणाले.

तिनं फोन पुढ्यात ठेवला.

“लेकरू कुणाचं?”

“माझंच.”

“मग इथं मांडी घालून काय बसलीस, वेडे? कर की.” तिनं फोनवर बोट फिरवून दवाखाना वर घेतला तसा पडद्यावरचा खेळाडू एक पाय हवेत धरून थांबला. मागची माणसं कुरकुरली. “हरतोच आहोत,” सापोलू म्हणाले, “थांबत थांबत हरू.”

ती परतली तेव्हा डॉक्टर बोलत होते. बरगड्या आत जात नव्हत्या, म्हणजे मोठा धोका नव्हता. औषधाची वाफ द्या, म्हणाले, आणि पुन्हा दाखवा. संध्याकाळी मालू अंगावर प्यायली आणि पिता पिताच झोपली.

रविवारी चर्चहून आल्यावर गावानं फोन उघडले. पानावर काठी होती, चवरी होती. खाली, सापोलूंना विचारून घातलेली, एक नवी ओळ होती:

‘पुढं जाण्याआधी, शेजारी तान्हं बाळ असेल तर त्याचा श्वास ऐकून या.’