मनगटातून

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात कस्तुराबाईंची अँजिओप्लास्टी ठरली. डॉक्टर म्हणाले, "मांडीतून नळी घातली तर रक्तस्रावाची भीती जास्त. आपण मनगटातून करू. फक्त हातातल्या बांगड्या काढा."

"मालक जिते हायेत माझे," कस्तुराबाई म्हणाल्या. "हात मोकळे करायची न्हाई. मांडीतूनच घाला."

मालक म्हणजे भुजंगराव, टँकरचं काम बघणारे नायब तहसीलदार. त्यांनी समजावलं, हात जोडले, शेवटी त्यांचे डोळे भरून आले. बाई ऐकेनात. मग ते म्हणाले, "बरं, माझ्यापाशी ठेवायला दे. जित्या नवऱ्याच्या हातात असल्या की मग तर झालं?"

कस्तुराबाईंनी जरा विचार केला. "ठेवायच्या न्हाईत. घालायच्या."

नर्सनं वाटीभर पाण्यात साबण कालवला, बांगड्या इकडून काढल्या आणि तिकडं चढवल्या. कस्तुराबाई निर्धास्त मनानं आत गेल्या. भुजंगराव बाहेरच्या बाकावर देवाचं नाव घेत बसले.

तेवढ्यात, महिनाभर टँकर न आलेल्या एका गावच्या बाया त्यांना शोधत दवाखान्यात शिरल्या. साहेबांच्या हातात भरायला त्यांनी ताटातून हिरव्या बांगड्या आणल्या होत्या.

पुढं झालेल्या नागुबाईनं साहेबांचे हात पाहिले, आणि ताट पदराखाली झाकलं.



"चला गं माघारी. आपल्या आधीच दुसऱ्या गावच्या बाया येऊन गेल्यात."