धावपट्टीची तीन मिनिटं

“नऊ माणसं उतरली काय आणि तीनशे उतरली काय, धावपट्टी अडायची ती अडतेच ना?” मोठ्या विमान कंपनीचे वकील एवढं बोलून खाली बसले.

विमानतळाचे दर ठरवणाऱ्या मंडळापुढे सुनावणी चालू होती. आजवर उतरण्याचा दर विमानाच्या वजनावर होता. जड विमान जास्त भरायचं, हलकं कमी. आता मोठ्या कंपनीचं म्हणणं होतं की सगळ्यांना एकच दर लावा. विमानतळाच्या अधिकाऱ्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. पैसे कुणाकडूनही आले तरी येणार त्यांच्याच घरात.

समोरच्या टेबलाशी बेटवाली एकटीच बसली होती. सगळा विमानतळ तिला याच नावाने ओळखायचा. नऊ खुर्च्यांचं एकुलतं एक विमान. मालकीण तीच, वैमानिकही तीच. दिवसातून दोनदा ती बेटावरची माणसं शहरात आणायची आणि परत नेऊन सोडायची. बेटावर ना मोठा बाजार, ना इस्पितळ; बोटीने यायचं तर अख्खा दिवस मोडायचा. एकच दर लागला तर महिन्याभरात विमान विकावं लागेल, असं तिने अर्जात सरळ लिहून टाकलं होतं.

“ताई, वकील नाही तर नाही, निदान थोडं रडून तरी दाखव,” असा सल्ला सकाळीच धाकट्या भावाने फोनवर दिला होता. रडणं तिला कधीच जमलं नव्हतं.

अध्यक्षबाईंनी चष्मा वर सरकवला. “तुमचं काय म्हणणं आहे?”

“वकीलसाहेबांचं पटलं मला,” बेटवाली म्हणाली.

वकिलांना आकाश ठेंगणं झालं. लिहिता लिहिता कारकुनानेही मान वर केली.

“वजन सोडूनच द्या,” ती पुढे म्हणाली. “धावपट्टी जो जितका वेळ अडवेल, त्याने तितकं भरावं. मी पाऊण मिनिटात बाहेर पडते. यांचं विमान उतरलं की मागे हवेचे भोवरे राहतात. ते विरेपर्यंत माझ्यासारख्या हलक्या विमानाला वरच घिरट्या घालाव्या लागतात. तीन मिनिटं. तीही यांच्याच नावावर लिहा.”

अध्यक्षबाईंनी विमानतळाच्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. “खरं आहे हे?”

“नियमच आहे तसा,” अधिकारी म्हणाले. “रोजच्या नोंदी आहेत आमच्याकडे.”

मोठ्या कंपनीच्या हिशेबनिसाने घाईघाईने आकडेमोड केली आणि कागद वकिलांपुढे सरकवला. करायला गेले एक आणि झालं भलतंच. चहाच्या सुट्टीआधीच मागणी मागे घेतली गेली. दर वजनावरच राहिला.

बाहेर व्हरांड्यात वकील तिच्याशेजारी येऊन उभे राहिले. माणूस दिलदार होता, हरल्याचं त्यांनी मनाला लावून घेतलं नव्हतं.

“मानलं बाई तुम्हाला! पण ही मिनिटं मोजता कधी? वर घड्याळ लावून बसता की काय?”

“मी कुठली मोजतेय? माझे दोन्ही हात विमानात गुंतलेले,” ती म्हणाली. “मागे स्ट्रेचरवर पेशंट असतो ना, त्याच्या उशाशी बसलेलं माणूस मोजतं. मोठ्याने.”