दाली शक, वर्ष सोळावं

शत्रूनं वाट अडवल्यावर पंधरा वर्षांनी वाळवंटातल्या ठाण्यावर राजधानी चांगआनहून दूत पोहोचला, तेव्हा कळलं, थोरले महाराज दोन वर्षांपूर्वीच वारले, नवा शकही सुरू झाला. चुकलेल्या तारखा खोडायचा हुकूम निघाला. छाओ पाथरवट छिन्नी घेऊन आला. लिंगहूकाकू मुलाच्या थडग्याशी बसल्या होत्या. दगडावर कोरलं होतं: ‘दाली शक, वर्ष सोळावं.’ “काकू, दाली शक चौदाव्या वर्षीच संपला. सोळावं आपण उगाच मोजलं, ते झालंच नाही.” “झालं नाही कसं? महाराजांचा जयजयकार करत त्याच वर्षी तटावर पडला पोरगा माझा.” “सरकारदरबारी नाही झालं.” “मग त्या वर्षातलं मरणही खोड की, मेल्या!” छाओनं छिन्नी खाली ठेवली. काकूंनीच दगडाखाली अंगरख्याची ओटी पसरली. “हाण.” चुरा पडत राहिला. सरकारला नको असलेलं वर्ष त्यांनी ओटीतून घरी नेलं.